कयामतीची तारीख सांगणारे

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात रोहिणखेड नावाचं गाव आहे. १५९१ साली तिथे एक लढाई झाली आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा जमाल खान तीत मारला गेला. शाळेत निजामशाही म्हटलं की चांदबिबी आणि मलिक अंबर एवढंच वाट्याला येतं. त्यांच्या आधीची ही दोनेक वर्षं कुणी शिकवत नाही. जमाल खान महदवी होता. शेवटच्या काळात येणार म्हणून मुसलमान ज्या महदीची वाट पाहतात, तो जौनपूरच्या सय्यद मुहम्मद यांच्या रूपाने येऊन गेला, असं मानणारा हा पंथ. १५८९ मध्ये दख्खनी आणि हबशी सरदारांना हाताशी धरून जमाल खानाने राजधानी ताब्यात घेतली. इराणी-तुराणी ‘परदेशी’ लोकांची कत्तल झाली, पोरवयाचा इस्माईल गादीवर बसला आणि महदवी मत हा राज्याचा धर्म झाला. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा नगरातच चाकरीला होता. तो शिया, त्याने त्याच वर्षी विजापूरची वाट धरली. पुढे इस्माईलचाच बाप बुऱ्हाण, खानदेश आणि विजापूरच्या पाठबळावर चालून आला. रोहिणखेडला जमाल खानाचा खेळ संपला, बुऱ्हाणाने शिया मत परत आणलं आणि मार खायची पाळी महदव्यांवर आली.

हिजरी सनाचं हजारावं वर्ष लागायला तेव्हा काही महिनेच उरले होते.

हजार वर्षं पुरी झाली की काहीतरी मोठं घडणार, ही हवा त्या काळी कैरोपासून आग्र्यापर्यंत होती. शंभर वर्षं आधी कैरोत जलालुद्दीन सुयूती या धर्मपंडितांना लोक विचारत होते, की पैगंबर हजार वर्षांपेक्षा जास्त काळ कबरीत राहणार नाहीत असं म्हणतात, ते खरं का? सुयूतींनी त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. हजार वर्षांचं ते खरं नाही, जग त्यापुढेही चालेल, पण हिजरी दीड हजार ओलांडणार नाही, असा त्यांचा हिशेब. अकबराने हजार वर्षांचा इतिहास ‘तारीख-ए-अल्फी’ या नावाने लिहवून घेतला. सरहिंदच्या शेख अहमद यांना त्यांच्या अनुयायांनी ‘दुसऱ्या सहस्रकाचा सुधारक’ म्हटलं. थोडक्यात, बादशहा, सूफी आणि सरदार असे सगळेच त्या गोल आकड्याचा आपापल्या परीने उपयोग करत होते. जमाल खानाच्या उठावामागे दख्खनी विरुद्ध परदेशी हे बहमनी काळापासूनचं जुनं भांडण होतं. महदीने त्याला फक्त शिक्का दिला.

ज्यांच्या नावाने हे घडलं त्या सय्यद मुहम्मद जौनपुरींचे पहिले अनुयायी मात्र अगदी वेगळं जगत होते. ते १५०५ मध्ये अफगाणिस्तानातल्या फराह इथे वारले. त्यांच्यामागे गुजरात-राजस्थानात ‘दायरे’ उभे राहिले. दायरा म्हणजे वस्ती. तिथे उद्यासाठी काही साठवायचं नाही, दिवसभरात जे येईल ते सर्वांनी सारखं वाटून घ्यायचं, बाकीचा वेळ जिक्रात, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणात. अब्दुल कादिर बदायुनी हा अकबराच्या दरबारातला कडवा सुन्नी, सहसा कुणाचं भलं न लिहिणारा. पण राजस्थानातल्या बयाना इथल्या महदव्यांबद्दल लिहिताना त्याचीही लेखणी मऊ होते. त्यांच्यातला शेख अलाई १५५० मध्ये दिल्लीचा सुलतान इस्लामशाह सूर याच्या हुकुमावरून फटके खाऊन मेला.

तेव्हा एकच श्रद्धा, आणि तिच्यातून बयान्यात भाकरीची वाटणी निघाली, नगरात कत्तल. ‘कयामतीवर विश्वास ठेवणारे लोक हिंसक होतात’ हे वाक्य मला म्हणूनच आळशी वाटतं. आणि ‘या सगळ्याचा इस्लामशी काही संबंध नाही’ हे दुसरं वाक्यही तितकंच आळशी. संबंध आहे, ग्रंथात आहे. पण नेमका कुठे आहे, हे पाहायची तसदी दोन्ही बाजू घेत नाहीत.

कुरआनात कयामत पानोपानी आहे. सूर्य गुंडाळला जाईल, पर्वत पिंजलेल्या लोकरीसारखे होतील, धरती आपली ओझी बाहेर टाकेल. मक्केतल्या सुरुवातीच्या सूरा, म्हणजे अध्याय, वाचताना जग या क्षणी संपतंय असं वाटावं इतकी ती भाषा घाईची आहे. आणि याच कुरआनात, ‘ती घडी कधी’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी एकच उत्तर आहे: तिचं ज्ञान फक्त अल्लाहकडे. सातव्या सूरेत, एकतिसाव्या, तेहेतिसाव्या सूरेत, फिरून फिरून तेच. जिब्रील हा देवदूत माणसाच्या रूपात येऊन पैगंबरांना प्रश्न विचारतो ती हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद) प्रसिद्ध आहे. तिथे पैगंबर म्हणतात, ज्याला विचारलं जातंय त्याला विचारणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक नाही. आणखी एकाने विचारलं, कयामत कधी? त्याला उलट प्रश्न आला: तू तिच्यासाठी तयारी काय केलीस?

महदी आणि शेवटच्या काळातला ढोंगी मसीहा दज्जाल मात्र कुरआनात नाहीत. याजूज-माजूज या विध्वंसक टोळ्या आहेत, जमिनीतून निघणारा प्राणी आहे, ईसांबद्दलची (म्हणजे येशूंबद्दलची) एक आयत आहे जिचा अर्थ भाष्यकार वेगवेगळा लावतात. महदीचं नाव घेऊन येणाऱ्या हदिसा बुखारी आणि मुस्लिम या दोन सर्वांत मानाच्या संग्रहांत नाहीत. त्या अबू दाऊद, तिर्मिजी, इब्न माजा यांच्याकडे आहेत. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने त्या एकेक करून तपासल्या, सांगणाऱ्यांच्या साखळीतले कच्चे दुवे दाखवले आणि फारच थोड्या टीकेतून सुटतात असा निकाल दिला. वर आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली: पाठीशी एकजुटीचं टोळीबळ नसलेला कुणीही महदी यशस्वी होत नाही. सहाशे वर्षांपूर्वी हे म्हणणारा माणूस काही नास्तिक नव्हता, कैरोत काझी म्हणून बसलेला होता. बहुसंख्य सुन्नी आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, त्याचं म्हणणं मान्य केलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्या मते या हदिसा इतक्या वाटांनी आल्या आहेत की मूळ गोष्ट नाकारता येत नाही.

नाकारू नका. पण त्या हदिसांमधला कितीतरी मजकूर कुठल्या गरजेतून वर आला, ते इतिहासात दिसतं. ६८५ मध्ये कूफ्यात मुख्तारने उठाव केला तो पैगंबरांचे जावई अली यांचा पुत्र मुहम्मद इब्न हनफिया हा महदी आहे असं सांगत. खुरासानातून काळे झेंडे येतील, ही भविष्यवाणी उमय्यांची सत्ता उलथू पाहणाऱ्या अब्बासी घराण्याच्या फार कामाची होती. ७४७ मध्ये अबू मुस्लिमने खुरासानातच काळे झेंडे उभारले आणि तीन वर्षांत उमय्या खिलाफत गेली. महदीचं नाव मुहम्मद आणि बापाचं अब्दुल्ला असेल, अशी हदीस होती. ७६२ मध्ये मदिनेत अब्बासींविरुद्ध उठलेल्या अलींच्या वंशजाचं नाव मुहम्मद बिन अब्दुल्ला होतं. खलिफा मन्सूरचं स्वतःचं नाव अब्दुल्ला आणि मुलाचं मुहम्मद. त्याने उठाव चिरडला आणि मुलाला पदवी दिली ‘अल-महदी’. ११ शतकांनंतर, हिजरी तेरावं शतक संपत आलं असताना, सुदानमध्ये जो उभा राहिला तो मुहम्मद अहमद बिन अब्दुल्ला. त्याने १८८५ च्या जानेवारीत खार्टूम घेतलं, जनरल गॉर्डन मारला गेला, आणि पाच महिन्यांत तो स्वतःही वारला. त्याच्या वारसाचं राज्य तेरा वर्षं टिकलं. मग ओमदुरमानला ब्रिटिशांच्या मशीनगननी एका सकाळीत दहा हजारांवर माणसं पाडली.

आणि १९७९ मध्ये मक्केत उभा राहिलेला तरुण? मुहम्मद बिन अब्दुल्ला अल-कहतानी.

या घटनेवर थोडं थांबायला हवं, कारण आजच्या जगाचा बराच आकार तिने ठरवला आणि आपल्याकडे तिची आठवण फारशी कुणाला नाही. २० नोव्हेंबर १९७९ म्हणजे १ मुहर्रम १४००, नव्या हिजरी शतकाची पहिली पहाट. (पंधरावं शतक १४०१ पासून धरावं असं म्हणणारेही होते, पण गोल आकड्यापुढे गणित टिकत नाही.) मस्जिद-ए-हरममध्ये फजरची नमाज संपत होती. जनाजे म्हणून आणलेल्या पेट्यांतून बंदुका निघाल्या. जुहैमान अल-उतैबी नावाच्या, पूर्वी सौदी नॅशनल गार्डमध्ये नोकरी केलेल्या माणसाच्या काहीशे साथीदारांनी दरवाजे बंद केले, मिनारांवर नेमबाज बसवले आणि ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं की महदी आला आहे, त्याच्या हाती बैअत करा. काबागृहाच्या कोपऱ्यातला काळा दगड आणि मकाम-ए-इब्राहिम यांच्या मध्ये महदीच्या हाती निष्ठेची शपथ घेतली जाईल, असं हदिशीत आहे. त्यांनी तेच, त्याच जागी केलं. नाव जुळत होतं, बापाचं नाव जुळत होतं, कपाळ रुंद होतं. आणि गटातल्या कित्येकांना तो स्वप्नात महदी म्हणून दिसला होता.

या स्वप्नांबद्दल मी विचार करत आलो आहे. हे लोक अडाणी नव्हते. मदिनेत बिन बाझसारख्या मोठ्या आलिमांच्या भोवती वाढलेले, हदीस तोंडपाठ असलेले, साखळ्या तपासण्याचा आग्रह धरणारे. दुसऱ्याने सांगितलेली हदीस कच्ची की पक्की यावर तासन् तास वाद घालणारी ही माणसं आपल्याच स्वप्नांची साखळी मात्र तपासत नव्हती. गटात एकाला स्वप्न पडलं, त्याने सांगितलं, मग दुसऱ्याला पडलं, मग न पडलेल्याला आपल्याच श्रद्धेत काही उणं आहे असं वाटू लागलं. तेलाचा पैसा, वाळवंटात उठलेली शहरं, टीव्हीवरच्या बायका, १९२९ मध्ये राजाशी लढून हरलेल्या इख्वान नावाच्या कट्टर टोळीयोद्ध्यांच्या घरांतली जुनी खुन्नस — जुहैमानच्या घराण्याचा त्याच्याशी संबंध होता — आणि शेजारच्या इराणात त्याच वर्षी कोसळलेला शहा. काहीतरी मोठं घडतंय असं वाटायला पुरेसं होतं. त्यात शतकाचा पहिला दिवस.

हदिशीत पुढचं कलमही होतं: महदीवर चालून येणारं सैन्य वाळवंटात जमीन गिळून टाकेल. सैन्य आलं. जमिनीने काही केलं नाही. आलिमांकडून फतवा मिळवून सौदी फौजा आत घुसल्या, तळघरांत दोन आठवडे लढाई चालली, फ्रेंचांचे सल्लागार आणि वायू वापरावा लागला. कहतानी पहिल्या काही दिवसांतच मेला. महदी मरूच शकत नाही म्हणून ती बातमी आतल्या आत दाबून ठेवली गेली. ४ डिसेंबरला सगळं आटोपलं. ९ जानेवारीला जुहैमानसह ६३ जणांचे शिरच्छेद देशातल्या वेगवेगळ्या शहरांत झाले.

त्यानंतर सौदी राजघराण्याने जे केलं ते शहाणपणाचं होतं असं मानणारे आजही सापडतात. मला तो शुद्ध भित्रेपणा वाटतो. बंडखोरांची डोकी उडवली आणि त्यांच्या मागण्या उचलल्या. चित्रपटगृहं बंद, टीव्हीवरून बायका गायब, धर्मपोलिसांना मोकळं रान, आणि जगभर त्याच कडव्या मताच्या मदरशांना पैसा. जे प्रश्न खरे होते, म्हणजे राजाचा हिशेब कुणी मागायचा, तेलाचा पैसा जातो कुठे, त्यांना हात लागला नाही. महदी खोटा ठरला, पण तो का उगवला याची चौकशी झालीच नाही. चाळीस वर्षांनी त्याच देशाने चित्रपटगृहं उघडली तीही त्याच पद्धतीने, वरून हुकूम काढून.

दाबिकची गोष्ट त्यामानाने लवकर सांगून होते. उत्तर सीरियातलं हे छोटं गाव. रोमी लोक अमाक किंवा दाबिक इथे उतरेपर्यंत ती घडी येणार नाही, ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे, म्हणजे तिला कच्ची म्हणून झटकता येत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने लष्करीदृष्ट्या काहीही मोल नसलेलं हे गाव घेतलं, इंग्रजी मासिकाला त्याचं नाव आधीच दिलेलं होतं. दोन वर्षं ते अमेरिकन फौजांना तिथे उतरण्याचं आमंत्रण देत राहिले. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरच्या सीरियन बंडखोरांनी, म्हणजे सुन्नी मुसलमानांनीच, ते फारशा प्रतिकाराविना परत घेतलं. ‘इस्लामिक स्टेट’ने सांगून टाकलं की ही ती लढाई नव्हे. मासिकाचं नाव महिनाभर आधीच बदललेलं होतं.

या सगळ्या उदाहरणांत मला एक साधी गोष्ट दिसते. श्रद्धा कुठल्या काळात उभी आहे, यावर बरंच अवलंबून असतं. महदवींचा महदी येऊन गेला. सत्तेचा तो नगरी अपवाद सोडला तर आज हैदराबादेत, कर्नाटकात, पालनपूरकडे ते चारचौघांसारखे जगतात. अहमदियांचे मिर्झा गुलाम अहमद हेही त्यांच्यासाठी आलेले आणि १९०८ मध्ये गेलेले मसीह-महदी. हिंसा त्यांनी केली नाही, त्यांच्यावर झाली. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांना मुसलमानांतून काढलं. दुसऱ्या टोकाला, ज्यांचा महदी अनिश्चित भविष्यात आहे तेही बहुधा शांत असतात. कलियुग ४,३२,००० वर्षांचं मानणाऱ्याला कल्कीची घाई नसते, तसंच. तंटा सुरू होतो तो ‘आत्ता’ म्हणणाऱ्यापाशी. आणि ‘आत्ता’ म्हणण्याचा अधिकार तर कुरआनाने खुद्द पैगंबरांनाही दिलेला नाही.

भविष्यात ढकललेल्या महदीचे धोके वेगळे. बारा इमामी शियांचा बारावा इमाम ८७४ पासून दृष्टीआड आहे. हजारेक वर्षं त्यांच्या बहुसंख्य धर्मगुरूंनी त्यावरून काढलेला अर्थ असा की इमाम नसताना कुठलंच राज्य पूर्ण न्याय्य असू शकत नाही, म्हणून सत्तेपासून चार पावलं दूर राहावं. खोमेनींनी तेच टोक उलटं धरलं: इमाम नाही म्हणूनच फकीहाने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, राज्य करावं. इराणच्या घटनेचं पाचवं कलम तेच सांगतं. म्हणजे जो दिसत नाही त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार एका माणसाला. अहमदीनेजाद अध्यक्ष असताना बाराव्या इमामाशी जोडलेल्या जमकरानच्या मशिदीकडे आणि ‘इमाम लवकरच येणार’ या भाषेकडे झुकले, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त कोपरखळ्या कुमच्या धर्मगुरूंनीच मारल्या. साहजिक आहे, इमामाचं बोलावणं अध्यक्षाला थेट येऊ लागलं तर मधल्या मंडळींचं काय?

मुंबईत याचंच सौम्य रूप आहे. दाऊदी बोहरांचा एकविसावा इमाम तय्यब बाराव्या शतकापासून पडद्याआड आहे आणि त्याच्या वतीने ‘दाई’ म्हणवणारे धर्मप्रमुख समाजाचा कारभार पाहतात. या श्रद्धेने व्यापारी, शिकलेला, शांत समाज घडवला. भेंडीबाजारात जुन्या चाळींच्या जागी उभे राहणारे मनोरे सगळे पाहतात. पण असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या सुधारकांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्नही खराच होता: अनुपस्थित इमामाच्या प्रतिनिधीला हिशेब कुणी विचारायचा? त्याची किंमत त्यांनी बहिष्काराने मोजली.

आता आपल्या दाराशी असलेला विषय. ‘गझवा-ए-हिंद’. नसाईच्या संग्रहात आणि मुसनद अहमदमध्ये हिंदवरच्या स्वारीचा उल्लेख असलेल्या मोजक्या हदिसा आहेत. बुखारी-मुस्लिममध्ये नाहीत. त्यांतल्या काहींच्या साखळ्या जाणकार कमकुवत मानतात, एखादी काहीजण स्वीकारतात. चौदाव्या शतकातल्या इब्न कसीरने या भाकिताच्या संदर्भात खलिफा मुआवियाच्या काळातली स्वारी आणि गझनीचा महमूद यांची उदाहरणं दिली, म्हणजे त्याच्या दृष्टीने ते बऱ्याच अंशी घडून गेलेलं होतं. हजार वर्षं या मजकुराकडे कुणी विशेष पाहिलं नाही. भारताबाहेरचे बहुतेक मुसलमान आजही त्याबद्दल काही जाणत नसतील. १९९० नंतर पाकिस्तानातल्या जिहादी संघटनांना काश्मीरसाठी पोरं भरती करायची होती, तेव्हा ते धूळ झटकून बाहेर काढलं गेलं. भूतकाळात गेलेली गोष्ट उचलून पुन्हा ‘आत्ता’त आणली गेली. त्यानंतर लाल टोपी घालून टीव्हीवर दिल्ली जिंकणारे आले.

आणि सीमेच्या अलीकडे त्यांना अगदी त्यांच्या तोडीचे ग्राहक मिळाले. आपल्या वृत्तवाहिन्यांवर हे दोन शब्द किती वेळा पडद्यावर झळकतात ते पाहा. शेजारच्या गल्लीतला सायकलचं दुकान चालवणारा मुसलमान रात्री निजण्यापूर्वी या हदिशीची उजळणी करतो, असा समज करून देण्यात जो फायदा आहे तो उघड आहे. लाहोरचा भविष्यवाला आणि नोएडाचा सूत्रसंचालक, दोघांचंही म्हणणं एकच: ही हदीस अटळ वेळापत्रक आहे आणि प्रत्येक मुसलमान तिला बांधलेला आहे. एकाला त्यातून भरती हवी, दुसऱ्याला भीती.

पण माझी तक्रार उलेमांकडेही आहे, आणि ती कमी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत देवबंदच्या संकेतस्थळावरच्या एका जुन्या फतव्यावरून गदारोळ झाला. कुणीतरी विचारलं होतं, अशी काही हदीस आहे का? उत्तर होतं, हो, नसाईमध्ये आहे. सरकारी आयोगाने त्यावरून गुन्हा नोंदवायची भाषा केली, हा अतिरेकच होता. ग्रंथात आहे ते आहे म्हणणं हा गुन्हा नाही. तरीही मुफ्तींच्या त्या उत्तराने माझं समाधान होत नाही. विचारणारा ग्रंथसूची मागत नव्हता. साखळी कशी आहे, जुन्या भाष्यकारांनी ती कुठल्या काळाला लावली, आज तिच्या नावाने हत्यार उचलणं शरियतीत कुठे बसतं, हे चार ओळींत सांगता आलं असतं. सांगायला हवं होतं. हदिशीवर बोट ठेवलं तर आपलीच माणसं ‘मुनकिर-ए-हदीस’, म्हणजे हदीस नाकारणारे, म्हणतील, या धास्तीने मोठमोठे आलिम या विषयावर फक्त हवाला देऊन मोकळे होतात. मग जागा रिकामी राहते आणि ती यूट्यूबवरचे लोक भरतात.

ते कशाने भरतात, तेही पाहण्यासारखं आहे. १९८० च्या दशकापासून कैरोच्या पुस्तकबाजारात दज्जालवरच्या पुस्तिकांची लाट आली, त्यांत बर्म्युडा ट्रँगल, उडत्या तबकड्या, आणि युरोपातून उचललेली यहुदीद्वेषाची जुनी कारस्थानं अशी सगळी भेळ होती. तीच आज उर्दू-हिंदी व्हिडिओंत डॉलरच्या नोटेवरच्या डोळ्यासकट फिरते. २०२० च्या टाळेबंदीत तर दोन तारखा फिरल्या. रमजानच्या पंधराव्या रात्री, शुक्रवारी, आकाशातून भयंकर आवाज येणार. ८ मे उलटली, आवाज आला नाही. मग १२ मेला सुरैया (कृत्तिका) तारका उगवली की साथ संपणार, तीही उगवली. फळपिकांवरची कीड आणि रोग यांच्या संदर्भातली एक जुनी हदीस कोरोनाला चिकटवली होती. ज्यांनी हे पसरवलं त्यांच्यापैकी कुणी जुम्माच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, उभं राहून ‘चुकलं’ म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

खरं तर कयामतीच्या चिन्हांची ही परंपरा नीट वाचली तर सत्तेला फार अडचणीची आहे. जिब्रीलच्या त्याच हदिशीत एक चिन्ह दिलं आहे: अनवाणी, उघडेवाघडे मेंढपाळ उंच इमारती बांधण्यात एकमेकांशी चढाओढ करतील. काबागृहावर सावली टाकणारा सहाशे मीटरचा घड्याळाचा मनोरा आणि दुबईचा ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा पाहताना ही ओळ आठवत नाही असा हदीस वाचलेला मुसलमान मला भेटायचा आहे. पण सौदी व्यासपीठावरून तिच्यावर खुतबा ऐकू येत नाही. बुखारीत आणखी एक आहे: अमानत हरवली की त्या घडीची वाट पाहा. अमानत कशी हरवते, असं विचारल्यावर उत्तर येतं, कारभार नालायकांच्या हाती सोपवला की. यात तारीख नाही, झेंड्याचा रंग नाही, शत्रूचं नाव नाही. वक्फच्या जमिनी कुणाच्या घशात गेल्या, मदरशाच्या विश्वस्त मंडळावर कोण बसलंय, नगरपालिकेचा ठेका कुणाला मिळाला, असे रोजचे प्रश्न यातून निघू शकतात. कयामतीच्या क्षणी हातात रोप असेल तर ते लावून टाका, ही हदीसही याच घराण्यातली. तिच्यावर भरती होत नाही आणि चर्चेचा कार्यक्रमही रंगत नाही, म्हणून ती मागे राहते.

२०१२ साली ‘प्यू’ या अमेरिकन संस्थेने २३ देशांतल्या मुसलमानांना विचारलं, महदी तुमच्या हयातीत येईल असं वाटतं का? नऊ देशांत निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं. अफगाणिस्तानात ८३ टक्के, इराकमध्ये ७२, तुर्कस्तानात ६८. अफगाणिस्तान आणि इराकमधल्या उत्तरांमागे तिथली युद्धं आहेत, हे सांगायला पंडित नको. ज्याचं घर बॉम्बने गेलं त्याला जग संपत आलंय असं वाटण्यात धर्मशास्त्राचा भाग थोडा. तुर्कस्तानचा आकडा मला जास्त विचार करायला लावतो. तिथे २०१२ मध्ये युद्ध नव्हतं, बऱ्यापैकी सुबत्ता होती. म्हणजे ही अपेक्षा फक्त गांजलेल्यांची नाही. ती सर्वसामान्य धार्मिक मनात स्थिर वस्तीला आहे, आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी आहे. त्या ६८ टक्क्यांतले जवळपास सगळे दुसऱ्या दिवशी कामावर गेले असणार, घराचे हप्ते भरत असणार.

म्हणून लोकांनी महदीवर विश्वास ठेवणं सोडावं, अशी मागणी मी करत नाही. ती मागणी करून काही होणारही नाही. मागणी एवढीच, की जो कुणी दिवस, जागा किंवा माणूस दाखवील त्याला मशिदीतूनच, त्याच दिवशी, कुरआनाची सातव्या सूरेतली १८७ वी आयत वाचून दाखवावी. बाहेरच्या कुणी ते केलं तर तो धर्मावरचा हल्ला ठरतो. आतल्याने केलं तर ती धर्माची साधी आज्ञा आहे. १९७९ च्या आधी मदिनेतल्या आलिमांना जुहैमानच्या गटाची कुणकुण होती. १९७८ मध्ये त्यांतले बरेच जण पकडलेही गेले होते. पोरं सच्ची आहेत, जरा जास्त उत्साही आहेत, म्हणून ती सुटली.

सुयूतींच्या हिशेबातलं हिजरी १५०० हे वर्ष २०७६ च्या अखेरीस लागेल. आज शाळेत जाणारी मुलं तेव्हा साठीच्या आत-बाहेर असतील. त्या सुमारास कुणीतरी मुहम्मद बिन अब्दुल्ला कुठेतरी उभा राहील, त्याच्या साथीदारांना स्वप्नं पडतील, आणि कुणीतरी पाचशे वर्षांपूर्वीची ती पुस्तिका शोधून काढून तिचा फोटो पाठवील. त्याला उत्तर देण्याची सवय तोवर समाजाला लागलेली असेल की नाही, ते आजच्या शुक्रवारच्या खुतब्यांवर अवलंबून आहे.